टॅक्स कन्सल्टंट की सीए? आधी पोर्टलवर ईमेल कुणाचा आहे ते बघा

मुंबईतल्या पगारदार माणसाचं रिटर्न बहुतेक वेळा दोघांपैकी एकाच्या हातात जातं. एक म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचे फॉर्म 16 (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीनं दिलेला दाखला) गठ्ठ्यानं घेऊन जाणारा टॅक्स कन्सल्टंट. दुसरा म्हणजे स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर दोन टेबलं टाकून बसलेला सीए. पैसे घेऊन ऑनलाइन रिटर्न भरून देणाऱ्या कंपन्याही आहेत. पण एकच नोकरी आणि बचत खात्याचं व्याज एवढंच असेल, तर आयकर खात्याच्या पोर्टलवर आयटीआर-1 आपला आपणच भरता येतो. त्यामुळे खरी निवड पहिल्या दोघांतच.

कन्सल्टंटची बाजू कमकुवत समजू नये. फी कमी असते, शिवाय महापालिका, पोलीस, शाळा अशा ठिकाणची पगारपत्रकं त्याला पाठ असतात. मागच्या वर्षांची थकबाकी एकदम मिळाली, तर करातली सवलत घेण्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म 10ई भरावा लागतो. तो राहिला की सवलत नाकारली जाते आणि बाकी कराच्या मागणीची नोटीस येते. मुरलेला कन्सल्टंट हे विसरत नाही. कंपन्यांचं ऑडिट करणाऱ्या मोठ्या सीए फर्ममधला आर्टिकलशिपचा, म्हणजे शिकाऊ मुलगा विसरू शकतो.

तरीही माझं पारडं सीएकडे झुकलं ते एका कटकटीमुळे. गठ्ठ्यानं रिटर्न भरणारे पुष्कळ जण पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकून ठेवतात. कारण साधं आहे: ओटीपीसाठी शंभर लोकांना फोन करावे लागत नाहीत. पण आयकर खात्याचा पत्रव्यवहार आता मुख्यतः पोर्टल आणि ईमेलवरच चालतो. रिटर्नमधल्या आकड्यांत फेरफार सुचवणारी सूचना आली तर उत्तराला 30 दिवस मिळतात. रिटर्न सदोष ठरवणारी नोटीस आली तर 15 दिवस, आणि तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर रिटर्न अवैध ठरू शकतं. ही मुदत कन्सल्टंटच्या इनबॉक्समध्ये संपते आणि आपल्याला कळतं ते थेट मागणी निघाल्यावर किंवा पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून रक्कम वळती झाल्यावर.

14 जुलै 2025 रोजी आयकर खात्यानं खोट्या वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थांवर देशभर कारवाई केली. त्या वेळी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं नेमका हाच प्रकार नोंदवला: गठ्ठ्यानं रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल आयडी काढायचे, नंतर सोडून द्यायचे, आणि नोटिसा न वाचता पडून राहायच्या. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी रिटर्न अद्ययावत करून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचंही मंडळानं सांगितलं. घरभाडं, राजकीय पक्षांना देणगी, शैक्षणिक कर्जाचं व्याज, आरोग्य विमा या नेहमीच्या जागा. आणि आमिष कायम एकच, "रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के माझे."

इथे फरक उघड दिसतो. रिफंडच्या टक्केवारीवर फी घेणं हे सीएसाठी त्यांच्या संस्थेच्या नियमांनुसार गैरवर्तन आहे. त्याचा सदस्य क्रमांक तपासता येतो, तक्रार करायला जागा असते. कन्सल्टंटनं ऑफिस बंद केलं की शोधायचं कुठे? खोटा दावा पकडला गेला तर कर आणि व्याज आपल्यालाच भरावं लागतं, आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल चुकवलेल्या कराच्या 200 टक्के दंड लागू शकतो. "मला माहीतच नव्हतं" हे सहसा चालत नाही, कारण रिटर्न आपल्या नावानं पडताळलेलं असतं.

पण सीए म्हटलं की डोळे मिटायचे, असंही नाही. साध्या रिटर्नवर सीएची सही किंवा शिक्का नसतोच. यूडीआयएन, म्हणजे सीएनं सही केलेल्या कागदाचा 18 अंकी ओळख क्रमांक, प्रमाणपत्रांवर आणि ऑडिट अहवालांवर येतो, आपल्या आयटीआरवर नाही. शिवाय सप्टेंबरात व्यवसायांच्या टॅक्स ऑडिटची धांदल असते, तेव्हा तो फोन उचलेल याची खात्री नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही, रिटर्नची मुदत संपत आल्यावर, पहिल्यांदा दार ठोठावू नये. एप्रिलमध्ये घाई करण्यातही अर्थ नाही. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस (उगमातच कापलेला कर) विवरण भरायची मुदत 31 मे, आणि फॉर्म 16 मिळायची 15 जून. त्याआधी 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, अपुरं असतं आणि आकडे जुळत नाहीत. 15 जून ते 10 जुलै हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो.

पहिल्या भेटीत माणूस ओळखायचा असेल तर तो काय मागतो ते बघा. नुसता फॉर्म 16 घेऊन "झालं" म्हणाला तर उठावं. सहकारी बँकेतल्या ठेवीवर टीडीएस कापला नाही म्हणून व्याज करमुक्त होत नाही. ते एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या आपल्या उत्पन्न-व्यवहारांच्या वार्षिक नोंदीत, दिसतं आणि तिथेच तफावत निघते. चांगला माणूस एआयएसची पीडीएफ मागतो. तिचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. घर भाड्याचं असेल तर तो लीव्ह अँड लायसन्सचा करार आणि बँकेतून भाडं गेल्याच्या नोंदी बघतो. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन विचारतो. महिन्याला 50,000 च्या वर असेल तर भाडेकरू म्हणून तुम्ही टीडीएस कापलात का, हेही विचारतो. मुंबईत हा शेवटचा प्रश्न भल्याभल्यांकडून राहतो. जुना फ्लॅट विकला असेल किंवा पुनर्विकासात बिल्डरकडून पैसे आले असतील, तर मी कन्सल्टंटकडे जाणारच नाही.

रिटर्न पाठवण्याआधी कॉम्प्युटेशन, म्हणजे कराच्या हिशोबाचा कागद, मागून प्रत्येक वजावटीसमोर आपल्याकडची पावती आहे का ते ताडून पाहा. एकही अनोळखी आकडा दिसला तर थांबवा. भरल्यावर पूर्ण आयटीआरची पीडीएफ घ्या, एकपानी पोचपावती पुरत नाही. ई-पडताळणी 30 दिवसांत आपल्या आधार ओटीपीनं आपणच करा.

आणि सध्याचा माणूस बदलायचा नसेल, तरी आज रात्री एवढं करा. पोर्टलवर "पासवर्ड विसरलात" निवडून आधार ओटीपीनं नवा पासवर्ड घ्या. प्रोफाइलमधल्या संपर्क तपशिलात मुख्य मोबाइल आणि ईमेल स्वतःचे टाका, त्याचे दुय्यम जागी ठेवा. मग प्रलंबित कार्यवाहीखालची ई-प्रोसीडिंग्ज उघडून मागच्या वर्षांची एखादी नोटीस उत्तराविना पडली आहे का ते पाहा. पासवर्ड का बदलला म्हणून त्याचा फोन आला, तर पुढच्या वर्षी कुणाकडे जायचं ते तिथेच ठरतं.