दुसरा दिवा मंद का नाही? फेट सिम्युलेशन्सबद्दल एका शिक्षिकेचं मत

दोन दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग एक, लावले तर दुसरा मंद लागणार, कारण ‘पहिल्याने करंट खाल्ला ना, मॅडम!’ विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर ऐकलेलं असतं. फळ्यावर बाण काढून धारा (म्हणजेच करंट) सगळीकडे सारखी असते असं कितीही सांगा. मुलं माना डोलावतात, पेपरात बरोबर लिहितात आणि पुढच्या इयत्तेत परत पहिल्या दिव्याला करंट खाऊ घालतात. या एका दुखण्यावर औषध शोधत मी फेटपर्यंत पोचले.

फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा बोल्डर इथला, सिम्युलेशन्स म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग बनवणारा प्रकल्प. भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली, आता रसायन, गणित, जीवशास्त्रही आहे. सगळं मोफत, ब्राउझरमध्ये चालणारं, आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही.

माझं आवडतं म्हणजे डीसी सर्किट जोडायचं किट. तारा, बॅटरी, दिवे ओढून आणायचे आणि टोकाला टोक चिकटवायचं. सर्किट पूर्ण झालं की तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकायला लागतात. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा एक दिवा लावला की अॅमीटर ०.९० अँपिअर इतका करंट दाखवतो. आता दुसरा दिवा एकसर जोडायचा. पण त्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं की अॅमीटर पहिल्या दिव्याआधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्यानंतर काय दाखवेल. ही पायरी गाळली तर सगळं मुसळ केरात. लिहून झालं की मोजायचं: तिन्ही जागी ०.४५. दोन्ही दिवे सारखेच मंद, निळे ठिपके सगळीकडे एकाच चालीने जाताना दिसतात. स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा चुकल्यावर मूल जे विचारतं, ते माझ्या भाषणाने कधीच विचारलं नसतं.

आणखी एक छोटं बटण आहे, त्यावर मी फिदा आहे. ते दाबलं की खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बॅटरी-दिव्यांच्या जागी पुस्तकातली चिन्हं येतात. सर्किट तेच, जागा त्याच. आकृतीतल्या दोन उभ्या रेघा आणि हातातली बॅटरी एकच, हे इतक्या सहज मी कधी दाखवू शकले नव्हते. (शॉर्ट सर्किट केलं की बॅटरी पेटते. वर्गातलं प्रत्येक पोर ते आधी करून बघणार. बघू द्या. फेटवालेही सांगतात की पहिली ५ ते १० मिनिटं मुलांना मोकळं खेळू द्यावं.)

मग खरा प्रश्न येतो: धारा संपत नाही, तर बॅटरीचं संपतं काय? इथे मी सर्किट सोडून ‘एनर्जी स्केट पार्क’ उघडते. उतारावरून घसरणारा स्केटर, बाजूला ऊर्जेचे स्तंभ. घर्षण वाढवलं की गतिज आणि स्थितिज ऊर्जेचे स्तंभ खुजे होत जातात, उष्णतेचा वाढतो, एकूण मात्र तेवढीच. बॅटरीत साठलेली ऊर्जाही अशीच रूप बदलून निघून जाते, संपतं ते हेच. वीज आणि ऊर्जा हे दोन वेगळे धडे इथे एकमेकांना भेटतात, आणि भेट मुलांनी घडवलेली असते. ओहमच्या नियमाचं सिम्युलेशनही असंच उपयोगी. रोध कमी केला की सूत्रातलं धारेचं अक्षर फुगत जातं, आणि कुणीतरी म्हणतंच, ‘हे तर व्यस्त चलन!’

शिक्षक म्हणून मोफत नोंदणी केली की जगभरच्या शिक्षकांनी तयार केलेल्या कृतिपत्रिका मिळतात. कल्पना सुचेनाशा झाल्या की मी तिथे चक्कर मारते. माल मात्र निवडून घ्यावा लागतो. काही पत्रिका ‘हे दाबा, ते लिहा’ छापाच्या. त्यात मुलाला डोकं लागतच नाही. काहींत एकच प्रश्न असतो आणि तास पुरत नाही. मी दुसऱ्या जातीच्या घेते, माझ्या वर्गासाठी नव्याने लिहिते. बहुतेक इंग्रजीत आहेत, तेवढी मेहनत धरून चाला.

मर्यादा एवढीच की या जगात तार सैल होत नाही, बॅटरीचं टोक गंजत नाही. शिवाय इलेक्ट्रॉन म्हणजे निळे गोळे अशी समजूत पक्की बसायचा धोका आहे. म्हणून त्याच आठवड्यात खरी तार, खरा दिवा हातात द्यायचाच. न पेटणारा दिवा शोधताना मुलं पडद्यावरचं सर्किट आठवून एकेक जोड तपासतात, ते मला फार आवडतं.

पाचपैकी साडेचार. नेटचा भरवसा नसेल तर सिम्युलेशन आधीच उतरवून ठेवा, ते नेटशिवायही चालतं.