आयएमएसएलपी: लेकीच्या व्हायोलिनच्या नोट्स शोधताना सापडलेली लायब्ररी

माझी लेक चार वर्षं व्हायोलिन शिकतेय, वेस्टर्न, म्हणजे स्टॅण्डवर कागद ठेवून वाजवायचं. आमच्या घरात पेटी-तबला वाजवणारे सगळे, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळे सर सांगतील ते पुस्तक आणायचं एवढंच माहीत होतं. एकदा सरांनी वोल्फार्ट या संगीतकाराचे एट्यूड, म्हणजे सरावाचे तुकडे, सांगितले, एका दुकानात विचारलं तर म्हणाले मागवावं लागेल, महिना तरी जाईल, आणि किंमत ऐकून मला काय बोलावं ते सुचेना. संध्याकाळी सरांनीच व्हॉट्सॲपवर आयएमएसएलपीची, म्हणजे इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट या साइटची लिंक पाठवली. ओपस (रचनासंच) ४५, साठच्या साठ एट्यूड, पीडीएफ, फुकट! दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून स्पायरल करून घेतलं.

दोन वर्षं वापरतेय म्हणून आता लिहितेय. कॉपीराइट संपलेल्या संगीताचे छापील कागद लोक स्कॅन करून इथे टाकतात, लाखांच्या घरात रचना आहेत. एडवर्ड ग्वो नावाच्या विद्यार्थ्याने २००६ मध्ये सुरू केलं. २००७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाची कायदेशीर नोटीस आली आणि साइट बंदच करावी लागली, कारण एका विद्यार्थ्याने प्रकाशकाशी कोर्टात कसं लढायचं, पण २००८ मध्ये परत सुरू झाली. हे वाचल्यापासून मला तिचं फार कौतुक वाटतं.

पण फुकट मिळतं हा मुख्य फायदा नाहीच. विवाल्डीचा ए मायनर कॉन्चेर्टो (एका मुख्य वाद्यासाठी, बाकीच्या वाद्यांच्या साथीने असलेली रचना) सुरू झाला तेव्हा ते कळलं. शिकवणीच्या पुस्तकांत तो बऱ्याचदा नाशेझ नावाच्या व्हायोलिनवादकाने नंतर बदललेल्या रूपात असतो. मूळ रचना १७११ ची, ॲमस्टरडॅमला छापलेली. साइटवर त्याच पानावर मूळ पार्टसुद्धा (एकेका वाद्याचे कागद) आहेत, ते काढून दोन्ही कागद शेजारी ठेवले तर लेक बघतच राहिली, कारण मुळात फिंगरिंगचे, म्हणजे कुठलं बोट ते सांगणारे आकडे नाहीत, स्लर, म्हणजे सूर जोडून वाजवायच्या कमानी, अगदी थोडे, काही ठिकाणी सूरच वेगळे. मग क्लासमध्ये सरांना विचारायला हिच्याकडे स्वतःचे प्रश्न होते, हे बोईंग, म्हणजे गज कसा फिरवायचा ते, कुणी ठरवलं, विवाल्डीने की नंतरच्याने? एकच पुस्तक हातात असतं तर हा प्रश्न पडलाच नसता.

आणि बाख! एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची १७२० ची त्याच्या स्वतःच्या हातची प्रत इथे आहे. एवढं वाजवायला अजून खूप वर्षं आहेत, तरी पहिलं पान प्रिंट करून भिंतीवर लावलंय. सुरांना जोडणाऱ्या आडव्या रेघा छापील पुस्तकात पट्टीने मारल्यासारख्या सरळ असतात, याच्या लाटेसारख्या वरखाली जातात, लेक त्यांच्यावरून बोट फिरवत बसते. मला वाचता येत नाही पण मीही येता-जाता बघते.

आता वापरायचं कसं ते. मेंबर नसाल तर डाउनलोडला पंधरा सेकंद थांबावं लागतं, थांबायचं, किंवा जमत असेल तर मेंबरशिप घ्या. एकाच रचनेच्या पाच-सहा एडिशन दिसतात, कुठला स्कॅन स्वच्छ असतो कुठला पुसट, त्यामुळे उघडून बघितल्याशिवाय प्रिंट काढू नका आणि कुठली एडिशन घ्यायची ते गुरूंना विचारा. आणि स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र, पार्ट म्हणजे आपल्या वाद्याचं, हे मला माहीत नव्हतं म्हणून एकदा सत्तर पानं प्रिंट झाली.

कॉपीराइटचं मात्र बघाच. फाइलपाशी कॅनडा, अमेरिका, युरोप अशी स्थिती लिहिलेली असते, भारताचं आपणच मोजायचं, संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं. शोस्ताकोविच १९७५ मध्ये गेला, म्हणजे त्याचं आपल्याकडे इतक्यात नाही, त्याचं पुस्तक विकतच घ्यायचं आणि ते योग्यच आहे. बार्टोक १९४५ मध्ये गेला, म्हणजे २००६ पासून मोकळा. त्याचे दोन व्हायोलिनचे ४४ ड्युओ आहेत, लोकगीतांवरचे, छोटे छोटे. सध्या शनिवारी क्लासच्या शेवटी एक पार्ट सर वाजवतात, एक ही, आणि मी बाहेर चपलांच्या शेजारी बसून ऐकते.