फिफ्थ व्हील ट्रेलर घेताना आम्ही कसे फसलो

नोव्हेंबर २०२३ मध्ये इथे ओहायोत आम्ही एक वापरलेला फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपने ओढायचं चाकांवरचं घर, २८,५०० डॉलरला घेतला. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून येणार होते. आईचे गुडघे फार दुखतात. वाटेत कुठेही थांबून तिला आडवं होता यावं, आपलं स्वयंपाकघर आणि स्वच्छ संडास सोबत असावा, म्हणजे तिलाही ईरी सरोवर आणि पुढे मिशिगन दाखवता येईल, एवढीच इच्छा होती. चार वर्षं पैसे बाजूला टाकले होते. त्यात आम्हाला दोन बाबतींत फसवलं गेलं, आणि दोन्ही गोष्टी खरेदीच्या दिवशीच अर्ध्या तासात कळल्या असत्या.

आम्ही बघायला गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. विक्रेत्याने आत हीटर लावून ठेवला होता, जमिनीवर नवंकोरं व्हिनाइल, हवेत कसलासा सुगंध. मी म्हटलं, नळ सोडून दाखवा. तो म्हणाला, "पाइपांत हिवाळ्यासाठी गुलाबी अँटिफ्रीझ भरलंय, आता पाणी सोडता येणार नाही. एप्रिलमध्ये या, सगळं चालवून दाखवतो." पाइपांत पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून थंड राज्यांत सगळेच हे न गोठणारं द्रव भरतात, त्यामुळे मला ते पटलं. बाहेरचा तपासणीस आणू का विचारलं, तर म्हणे आमच्या विम्यात ते बसत नाही. अमेरिकेत आरव्ही, म्हणजे अशी फिरती घरं, तपासणारी प्रशिक्षित माणसं असतात, एनआरव्हीआयए ही त्यांची संघटना. त्यांना जो दुकानदार आत येऊ देत नाही, त्याच्याकडून कृपा करून काहीही घेऊ नका. आणि हिवाळ्यातच घ्यायचं असेल, तर गरम शेडमध्ये नेऊन पाणी सोडायला लावा, नाहीतर पाण्याची चाचणी होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवायची हे करारात लिहून घ्या. तोंडी "एप्रिलमध्ये या" याला काडीचीही किंमत नसते.

मे महिन्यात आई-बाबा आले. बाबा एसटीच्या सातारा आगारात मेकॅनिक होते. ट्रेलर बघायला आले आणि सवयीने दारातच चपला काढल्या. नोव्हेंबरात आम्ही जाड बूट घालून आत फिरलो होतो. बाबा पुढच्या बेडरूमच्या दोन पायऱ्या चढले, पलंगाच्या उजव्या अंगाला गेले आणि तिथेच थांबले. टाच दाबली, उचलली, पुन्हा दाबली. "हिथं फळी दबतीय बघ. खाली कुजलंय." मी बूट काढून पाय ठेवला. भिजलेल्या पुठ्ठ्यावर ठेवावा तसा तो आत गेला. कोपऱ्यातलं व्हिनाइल सोलून काढलं तर खालची फळी काळीठिक्कर, बोटांनी चुरा होत होती. मग शिडी लावून वर चढलो. छताचं रबर पुढच्या भिंतीला मिळतं तिथे जुन्या भेगेवरून सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाचा, पांढराशुभ्र ताजा थर फासला होता. म्हणजे गळती कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. बाहेरून त्याच भिंतीवर तळहात फिरवला तर फायबरग्लास फुगून आलेलं. मुरलेलं पाणी हा या ट्रेलरांचा सगळ्यात मोठा शत्रू. हार्डवेअरच्या दुकानात ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घेऊन जा. कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या कडा तपासा, आणि आत अनवाणी फिरा. जुन्या गाडीत एकाच खोलीला नवी जमीन दिसली, तर ती का बदलली हे विचारा.

दुसरी फसवणूक वजनाची, आणि ती जिवावर बेतली असती. फिफ्थ व्हीलची कडी गाडीच्या मागे लागत नाही. ट्रेलरच्या पुढच्या टोकाची पिन पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर, बसते, त्यामुळे ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा थेट पिकअपवर येतो. विक्रेता म्हणाला, "तुमचा हाफ टन पिकअप (पिकअपमधला हलका वर्ग) ११,००० पौंड ओढतो, काळजी नको." ओढायचा आकडा खरा होता. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर दुसरा आकडा असतो: माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती. आमचा १,५८० पौंड. भरलेला ट्रेलर १०,५०० पौंडांचा, म्हणजे पिनचा भार २,१०० च्या आसपास. त्यात आम्ही पाच जण मिळून ६५०, हौद्यात बसवलेली ट्रेलर जोडायची कडी (हिच) १५०. जवळपास दुप्पट!

पहिल्या दिवशी रिकामा ट्रेलर घरी आणतानाच स्टिअरिंग हलकं लागत होतं आणि समोरून येणारे लोक माझ्यावर दिवे मारत होते. मागची बाजू बसल्यामुळे माझ्या हेडलाइटचा झोत वर, त्यांच्या डोळ्यांत जात होता. मी समजलो, नवखा आहे म्हणून होत असेल. शेजारी लेक बसली होती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, थोड्या डॉलरमध्ये प्रत्येक आसाच्या वजनाची छापील पावती मिळते. पण त्याआधी, पैसे देण्यापूर्वीच, स्टिकर वाचा.

टायरही असेच. नक्षी नव्यासारखी, पण टायरवर छापलेल्या 'डीओटी' या अक्षरांपुढच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २२१५, म्हणजे २०१५ चा बाविसावा आठवडा. ते चाकाच्या आतल्या बाजूला होते, खाली झोपून टॉर्चने वाचावे लागले.

कागदांत आम्ही "अ‍ॅज इज", म्हणजे आहे त्या स्थितीत घेतलं, यावर सही केली होती. तीन दिवसांत व्यवहार रद्द करता येतो असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. पण तो फेडरल नियम दुकानात जाऊन केलेल्या अशा खरेदीला लागू नाही. ओहायोच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. दुकानाने उत्तरात आमच्या सहीची प्रत पाठवली. वकिलाचं म्हणणं, ताज्या सीलंटचे फोटो उपयोगी पडतील, बघू. दुरुस्तीचा अंदाज ९,४०० डॉलर आला आहे.

ईरी सरोवराला आम्ही मोटेलमध्ये राहून गेलो. आई बहुतेक वेळ खोलीतच होती. ऑगस्टमध्ये परत जाण्याआधी बाबांनी त्या कोपऱ्यातली फळी करवतीने कापून काढली. तिचा वितभर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तक्रारीच्या फायलीत ठेवला आहे.