गाडीच्या छताचं लोंबणारं कापड घरीच बदललं, नऊ महिने झाले, आता खरं काय ते सांगतो

आधी गाडी सांगतो. २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, बेस मॉडेल, ९४ हजार किलोमीटर झालेत. इंजिन टकाटक, एसी लावला की अजून दात वाजतात, पण दोन वर्षांपासून आतलं छताचं कापड सुटायला लागलेलं. आधी मागे डिक्कीच्या बाजूला एक फुगा आला, तो सरकत सरकत केबिन लाईटपर्यंत पोचला आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तर पार मांडवाची झालर. काच खाली केली की घोडबंदर रोडला ते कापड असं फडफडायचं की आरशात मागची गाडीच दिसायची नाही. आई मागे बसली की तिच्या अंबाड्याला कापड टेकायचं आणि उतरल्यावर केसांत पिवळा भुसा. शेवटी ती म्हणाली, "अरे मी रिक्षाने येते, तू ये मागनं." तेव्हा म्हटलं आता हे करायलाच हवं.

ठाण्यात दोन सीटकव्हरवाल्यांना दाखवलं. एकाने साडेसहा हजार सांगितले, दुसरा साडेचारला तयार होता पण म्हणाला बोर्ड काढायची गरज नाही साहेब, आतल्या आतच चिकटवून देतो. तिथूनच परत फिरलो, का ते पुढे सांगतो. आणि खरं तर गाडीला १५ वर्षं होत आलेली, मग आरसी रिन्यू करायला फिटनेसला न्यायची, वर नवीन नंबरप्लेटचा खर्च, अशा गाडीच्या छतावर साडेसहा हजार घालायला जीव होईना.

त्याआधीचे माझे उद्योग पण सांगून टाकतो म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिले टाचण्या टोचल्या, चार दिवसांनी एक मानेवर पडली. मग मेडिकलमधून सिरिंज आणून कापडाला भोक पाडून आत पांढरा फेविकॉल सोडला, त्याचे कडक डाग पडले आणि कापड दोन आठवड्यांत परत खाली. मला वाटायचं गोंद संपलाय. गोंद नाही हो, गोंद बिचारा जिथल्या तिथे असतो. छत म्हणजे आतून एक साच्यात दाबलेला बोर्ड असतो, त्यावर दोन-तीन मिलीमीटरचा फोम आणि फोमला आधीच जोडलेलं कापड. आपल्याकडची उष्णता आणि दमट हवा वर्षानुवर्षं खाऊन तो फोम सडतो, बोट लावलं की बेसनासारखा चुरा होतो. म्हणजे अर्धा फोम बोर्डाला, अर्धा कापडाला आणि मधे नुसती पूड. आता त्या पुडीवर तुम्ही जगातला कुठलाही गोंद लावा, तो पुडीलाच चिकटणार ना. म्हणून बोर्ड बाहेर काढून खरवडल्याशिवाय जो कोणी चिकटवून देतो म्हणतो त्याला नमस्कार करायचा आणि निघायचं.

डिसेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार धरला. पावसाळ्यात हे काम अजिबात काढू नका. हवा दमट असली की गोंद पातळ ठेवणारं सॉल्व्हंट उडताना त्या थरावर बाष्प धरतं, गोंद पांढुरका होतो आणि पकड जाते. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, कोरडी हवा आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये घामही येत नाही.

काढायला मला साडेतीन तास लागले, यूट्यूबवाला वीस मिनिटांत काढतो. सनव्हायझर, हँडल, केबिन लाईट, दरवाज्यांची रबर बीडिंग, मग पिलरची, म्हणजे काचांमधल्या खांबांवरची प्लास्टिकं. चौदा वर्षांच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात, माझ्या सात तुटल्या, तर आधीच दहा-बारा आणून ठेवा. पुढच्या सीट पूर्ण आडव्या केल्या आणि बोर्ड डिक्कीतून बाहेर, दोन माणसं पाहिजेत म्हणजे पाहिजेतच, एकट्याने ओढलात तर बोर्डाला मधोमध घडी पडते आणि ती घडी नंतर कापडातूनही दिसते. माझ्या गाडीला कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग, नाहीत, तुमच्या गाडीला असतील तर त्या छताच्या कडेनेच गेलेल्या असतात, तिथे पटाशी घालायची हिंमत करू नका, सरळ जाणत्या माणसाकडे द्या.

खरवडणं. हेच खरं काम आहे, बाकी सगळं हौस. जुनं कापड एका झटक्यात निघतं आणि फार मजा येते, पण मग बोर्डावर तो केशरी-पिवळा थर उरतो. नायलॉनचा ब्रश घ्या, तारेचा नको, तारेचा ब्रश बोर्डच फाडतो. आणि मास्क लावा, साधा रुमाल नाही, कारण चुऱ्याबरोबर बोर्डातले काचतंतूही उडतात, मी अर्ध्या तासानंतर लावला आणि रात्रभर हाताला खाज नि घसा खवखवत होता. शनिवारी दुपारी दोन ते संध्याकाळी सात, पाच तास नुसतं खर्र खर्र. वॉचमन काका दोनदा येऊन बघून गेले, म्हणाले घराचा रंग काढताय का. शेवटचा मागचा कोपरा, डिक्कीकडचा उजवा, मी अंधार पडला म्हणून उरकला. हा कोपरा लक्षात ठेवा.

कापड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलं, फोमवालं छताचं कापड मागायचं, नुसतं कापड घेऊ नका, फोमशिवाय बोर्डाचा प्रत्येक खड्डा वर दिसतो. रंग फिकट राखाडी. काळं घ्यायचं फार मनात होतं, पण पिलरची प्लास्टिकं फिकट, ती वेगळीच दिसली असती आणि छोटी गाडी आणखी छोटी वाटली असती. एक चूक इथे झाली. मी बोर्ड सपाट समजून टेप लावला, पण वळणं, खोलगट भाग आणि मागे दुमडायचं कापड हे सगळं धरलं तर प्रत्येक बाजूला सहा इंच जास्त लागतं. पुढच्या डाव्या कोपऱ्यात मला दोन बोटं कमी पडलं, सनव्हायझरमुळे झाकलंय म्हणून वाचलो.

गोंद मी फेविकॉलचा एसआर ९९८ वापरला, तो पिवळसर, वासाचा, सनमायकावाले वापरतात तो. पत्र्याखाली उन्हात तापणाऱ्या जागेला साधा स्प्रे गोंद पुरत नाही, बंद गाडी मे महिन्यात ६० डिग्रीच्या पुढे सहज जाते. बोर्डाला आणि कापडाच्या फोमला, दोन्हीकडे पातळ हात, मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावलं तर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला यायला नको. ओला असताना चिकटवलात तर गोंद फोममधून झिरपून वर डाग. अर्धं कापड दुमडून ठेवायचं, अर्धं चिकटवायचं, मधून कडेकडे, आणि एकदा टेकलं की टेकलं, परत उचलायचं नाही. मी हे सगळं करत असताना वॉचमन काका बिडी पेटवून शेजारी उभे राहिले, मी ओरडलोच, अहो काका भडका उडेल. त्या दिवसापासून ते माझ्याकडे जरा रागानेच बघतात.

बोर्ड बाहेर होता तेव्हा पत्र्याला आतून ब्युटिल रबराची फॉइलवाली डॅम्पिंग शीट (पत्र्याचा आवाज दाबणारी) चिकटवली, दीड हजारांची. आणि अँटेनाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जुना तपकिरी ओघळ दिसला, म्हणजे तिथून थेंब थेंब पाणी येत होतं आणि आम्हाला चौदा वर्षं पत्ता नाही. अँटेनाचं रबर बदललं, कडेने सिलिकॉन. एकूण खर्च कापड, गोंद, ब्रश, क्लिपा, मास्क धरून एकोणीसशेच्या आसपास, शीटचे वेगळे.

आता नऊ महिन्यांचं. पहिले पंधरा दिवस वास, बायको पुढे बसायलाच तयार नाही, काचा उघड्या ठेवून ऐरोलीला ऑफिसला जायचो. मग गेला. मार्च-एप्रिल एकदम मस्त, मीच लोकांना बळेच छत दाखवायचो. मे महिन्यात पहिला झटका. ऑफिसबाहेर गाडी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उन्हात, आणि ड्रायव्हरच्या सनव्हायझरच्या खोलगट भागात कापड सुटून पापडासारखं वर आलं. कारण माझंच. खळग्यात कापड आधी बोटांनी आत दाबत बसवायचं असतं, मी वरून ताणून नेलं होतं आणि नंतर दाबलं, ताणलेलं कापड तापलं की सरळ व्हायला बघतंच. व्हायझर काढून, कापड जरा सैल करून, परत दोन्हीकडे गोंद. अजून टिकलंय.

दुसरा झटका जुलैत, आणि तो कोपरा कुठला असेल सांगा. डिक्कीकडचा उजवा. हाताच्या पंजाएवढा फुगा. उचलून बघितलं तर खाली तोच पिवळा भुसा, जो मी अंधारात सोडला होता. तिथे गोंदाचा थर जसाच्या तसा कापडासोबत सुटून आलाय, पाठीला भुसा घेऊन. बाकी जिथे बोर्डाचा खरखरीत पृष्ठभाग दिसेपर्यंत घासलं होतं तिथे नखाने ओढलं तरी हलत नाही.

पावसाळ्याचं मात्र समाधान आहे. अँटेनाखाली एक थेंब नाही, कापड कोरडं. आणि डॅम्पिंग शीटमुळे पावसाचा आवाज बदलला, आधी पत्र्यावर फुटाणे भाजल्यासारखं व्हायचं, आता थपथप येतो, कापूरबावडीला तासभर अडकलो तरी गाणी ऐकू येतात. छत वाजणं थांबल्यावर डॅशबोर्डची कुरकुर ऐकू यायला लागली ती वेगळी गोष्ट.

गणपतीत मखर आडवं टाकून आणलं, त्याची कड छताला घासली आणि वीतभर पट्ट्यात कापडाची लव निघून गोळे आलेत. कंपनीचं कापड जास्त दाट विणीचं होतं, हे नवीन त्या मानाने नाजूक आहे हे मान्य करायला पाहिजे. साफ करायला कोरडं मायक्रोफायबर, फार तर किंचित ओलं, आणि चोळायचं नाही. शॅम्पू-फोम मारून ब्रशने घासलंत तर पाणी फोममध्ये जाऊन बसतं.

तो कोपरा दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उघडणार आहे. आईने पहिल्याच दिवशी मागे बसून वर हात फिरवला आणि म्हणाली, "आता सीटची कव्हरं मळकी दिसतात." आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परवा विचारलं की आमच्या गाडीचंही करून देशील का, रविवारी चहा माझ्याकडे. त्यांच्या गाडीला सनरूफ आहे. मी म्हटलं काका, चहा प्यायला येतो.