दाट फुलबाग: बी पेरावं की रोपं आणावीत?

साताऱ्यात घरापुढे दाट, मिसळलेल्या फुलांची, थोडी मोकळी सुटलेली बाग करायची असेल तर माझं मत बियांच्या बाजूने आहे. मृगाचा पाऊस पडून माती भुसभुशीत झाली की तेरडा, झिनिया, कॉसमॉस, गुलबक्षी थेट वाफ्यातच टाका. कॉसमॉसचं बी खोल गाडू नका, वर मातीचा पातळ थर पुरे. मुसळधार पावसात मात्र बारीक बी वाहून जातं, तेवढी उघडीप बघावी. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच तडकते, बी लांब उडतं आणि पुढच्या पावसाळ्यात आपण न लावलेल्या जागीही तेरडा उगवतो. अशा बागेला हेच तर हवं असतं!

नर्सरीतली रोपं लवकर फुलतात, दसरा-दिवाळीला ते बरं पडतं. पण अख्खा वाफा भरायचा म्हटलं की खर्च वाढतो.

मोगरा, जास्वंद आणि शेवंती यांचं मात्र रोपच आणा. पहिल्या दोघांची छाटकलमं करतात, शेवंती काश्यांवरून, म्हणजे बुंध्याशी येणाऱ्या फुटव्यांवरून वाढवतात. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर हलक्या हाताने मोकळी करा. जमीन काळी असेल तर पाणी साचतं. वाफा वीतभर उंच घ्या, कुजलेलं शेणखत सढळ हाताने घाला.