अ‍ॅनालॉग आरएफ-ओव्हर-फायबर लिंक: पारख अपलिंकवर करा

आरएफ म्हणजे रेडिओ सिग्नल लेसरने जसाच्या तसा प्रकाशावर चढवून फायबरमधून नेणारी ही लिंक. बेस स्टेशनजवळ हेड-एंड, अँटेनापाशी रिमोट आणि मध्ये दोनेक किलोमीटर सिंगल-मोड फायबर, अशी ही जोडी आम्ही बसवली. डाउनलिंकचं (बेस स्टेशनकडून मोबाइलकडे) कौतुक लगेच उरकतो, कारण ते कुठल्याही बऱ्या लिंकला जमतं. अर्धा इंची फीडर केबल 900 मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण 7 डेसिबल खाते. फायबर 1310 नॅनोमीटरला अख्ख्या किलोमीटरमागे 0.35 च्या आसपास. फक्त फायबरमधला 1 डेसिबल लॉस आरएफमध्ये 2 डेसिबल होऊन दिसतो, तेवढं धरून चालायचं. फोटोडायोडचा करंट प्रकाशाच्या पॉवरच्या प्रमाणात असतो आणि आरएफ पॉवर त्या करंटच्या वर्गाच्या.

खरी कसोटी अपलिंकची. मोबाइलकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की लेसरच्या नॉइजमध्ये तो सहज बुडतो. म्हणून लेसरच्या आधी लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर लागतोच. पण गेन (सिग्नलची वाढ) जास्त ठेवला की अँटेनाच्या अगदी खाली उभा असलेला एकच फोन लेसरला ओव्हरड्राइव्ह करतो आणि इंटरमॉड्युलेशनमुळे (सिग्नल एकमेकांत मिसळून उठणाऱ्या खोट्या सिग्नलांमुळे) बाकीच्यांचे कॉल बिघडतात. या जोडीत नॉइज आणि ओव्हरड्राइव्ह या दोन टोकांच्या मध्ये भरपूर जागा आहे. वर अपलिंकला 1 डेसिबलच्या पायरीने फिरणारा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारा भाग) दिलाय. ज्याने तो रिमोटमध्ये बसवला त्याला साइटवरचं काम कळतं.

कनेक्टर हिरवे, म्हणजे टोक 8 अंशात घासलेले एपीसी. हे किती महत्त्वाचं आहे ते साइटवरच दिसलं. वाटेतल्या पॅच पॅनलमध्ये आधीपासून एक निळी यूपीसी (तिरकं न घासलेल्या टोकाची) पॅचकॉर्ड होती. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर नॉइज फ्लोअर (नॉइजची तळरेघ) सारखा हलत होता, कॉर्डला बोट लावलं की आणखीच. त्या जोडावरून परत फिरलेला प्रकाश लेसरमध्ये शिरत होता. टोकं पुसून हिरवी कॉर्ड टाकली आणि रेघ खाली येऊन स्थिर झाली.

तक्रार आहे ती डेटाशीटची. नॉइज फिगर (लिंक स्वतः किती नॉइज भरते ते) फक्त कमाल गेनला दिलीय, आणि कमाल इनपुट लेव्हल एकूण की प्रत्येक कॅरिअरची (वाहक लहरीची), याचा पत्ताच नाही. मर्यादा एकूण असेल आणि चार सारखे कॅरिअर टाकले, तर प्रत्येक 6 डेसिबल खाली ठेवावा लागतो. हा फरक लहान नाही. विचारून विचारून उत्तर मिळालं, पण ते छापलेलं हवं होतं.

डिजिटल फ्रंटहॉलशी, म्हणजे सिग्नल आकड्यांत बदलून अँटेनापर्यंत नेण्याशी, तुलना होणारच. सीपीआरआयला (त्यासाठीच्या इंटरफेस मानकाला) 20 मेगाहर्ट्झच्या एका एलटीई कॅरिअरसाठी, दोन अँटेना धरून, 2.4576 गिगाबिट प्रति सेकंद लागतात. इथे बँड जसाच्या तसा प्रकाशावर चढतो आणि रिमोट साधा राहतो. अंतर खूप असेल तर मात्र मी डिजिटलच घेईन. टीडीडी (एकाच फ्रिक्वेन्सीवर अपलिंक-डाउनलिंक आळीपाळीने) असेल तर किलोमीटरमागे 5 मायक्रोसेकंदांचा डिले टायमिंगमध्ये धरा. आणि एका हेड-एंडवर रिमोट वाढवताना हात आखडता ठेवा: सारखे दोन रिमोट जोडले की अपलिंकचा नॉइज 3 डेसिबलने चढतो, चार जोडले की 6 ने.