बॅटल रोपचे आठ महिने: कॅलरीचा आकडा येतो कुठून आणि धरावा किती

बॅटल रोप म्हणजे मध्यावर खांबाला अडकवलेला जाड दोर; दोन्ही टोकं हातात धरून त्यात लाटा उठवायच्या. आमचा रोप ३८ मिलिमीटर जाडीचा, १२ मीटर लांबीचा, पॉलिस्टरचा. जागा घणसोलीतल्या एका सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधला मोकळा कोपरा. डिसेंबर ते जुलै, आठवड्यातून तीन-चार दिवस वापर. वापरणारे चौघे, वजनं ५८ पासून ८६ किलोपर्यंत. सोबत मनगटावरचं घड्याळ, आणि मार्चपासून छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा. रोपबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती व्यायाम संपल्यावर स्क्रीनवर उमटणाऱ्या कॅलरीच्या आकड्याबद्दल.

‘अर्ध्या तासात चारशे कॅलरी’ ही जाहिरात सगळ्यांनी वाचलेली असते. ती अगदीच हवेतून आलेली नाही, पण हिशोब चुकलेला आहे. सूत्र साधं आहे: मेट गुणिले ३.५ गुणिले वजन, भागिले २००. उत्तर येतं मिनिटाला किती किलोकॅलरी (बोलण्यातली ‘कॅलरी’ ती हीच). मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर शरीराला जेवढा ऑक्सिजन लागतो त्याच्या किती पट लागतोय ते. बॅटल रोपवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ सेकंद लाटा, ४५ सेकंद विश्रांती, असे १० फेरे करून घेतले आणि ऑक्सिजन मोजला. सर्वाधिक मेट १० च्या आसपास भरले, आणि पूर्ण १० मिनिटांचा खर्च सरासरी ११० किलोकॅलरीच्या आसपास. माणसागणिक फरक बराच. आता लोक काय करतात, तर तो १० चा आकडा उचलतात आणि ३० मिनिटांनी गुणतात. ७२ किलोच्या माणसाला ३७८ येतात, वर थोडी उदारता दाखवली की चारशे. पण १० हे शिखर आहे, सरासरी नव्हे. ८० किलोच्या माणसाने १० मिनिटांत ११० खर्च केले, तर सरासरी ८ मेटच्या जरा खालीच पडते. आणि ३० मिनिटं त्या जोरात रोप हलवणारा माणूस आमच्या कोपऱ्यात तरी अजून उगवायचा आहे.

आमचा नेहमीचा क्रम २० सेकंद काम, ४० सेकंद विश्रांती, १५ फेरे; म्हणजे १५ मिनिटं. सरावलेल्याला ८ मेट धरले तर ७२ किलोला मिनिटाला १०.१ आणि एकूण १५१ किलोकॅलरी. नवख्याला ६ मेट धरावेत, म्हणजे ११३. यातही एक मेख आहे. हे आकडे एकूण खर्चाचे आहेत, म्हणजे त्या १५ मिनिटांत नुसतं खुर्चीत बसून जे खर्च झालेच असते तेही यात मोजलेले आहेत. व्यायामामुळे जास्तीचे किती गेले हे हवं असेल तर मेटमधून १ वजा करून गुणावं. मग १५१ चे १३२ होतात आणि ११३ चे ९५. काही घड्याळं ‘अॅक्टिव्ह’ आणि ‘टोटल’ असे दोन आकडे वेगळे दाखवतात, काही एकच दाखवतात. खाण्याच्या नोंदीत टोटल टाकला आणि तिथे दिवसभराचा बेसल, म्हणजे नुसतं जगण्याचा, खर्च आधीच धरलेला असला, की तेच पैसे दोनदा जमा.

मनगटावरच्या घड्याळाचा प्रश्न त्याहून मुळातला आहे. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची लय टिपतो. रोप धरताना मूठ आवळलेली, मनगटातले स्नायुबंध ताणलेले, आणि हात सेकंदाला दोनदा वर-खाली. म्हणजे मिनिटाला १२० हेलकावे. घड्याळाला बऱ्याचदा नाडीऐवजी हे हेलकावेच नाडी वाटतात. फेरीच्या शेवटी पट्टा १५८ दाखवतोय, दम लागून बोलता येत नाहीये, आणि घड्याळ मात्र निवांत १२१ वर. मग हात थांबले की घड्याळाला खरी नाडी सापडते, ते १४५ वर चढतं, तेव्हा पट्ट्यावर आकडा उतरायला लागलेला असतो. पंधरा फेऱ्यांत हा खेळ पंधरा वेळा. घड्याळ मनगटापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट बांधल्याने थोडा फरक पडतो, पण पुरेसा नाही. दंडावर बांधायचा सेन्सर मनगटापेक्षा बरा. रोपसाठी मात्र छातीचा पट्टाच. त्यालाही दोन सवयी लावाव्या लागतात: इलेक्ट्रोडच्या भागावर आधी पाणी लावायचं, नाहीतर पहिली चार मिनिटं आकडा वाटेल तसा उड्या मारतो, आणि वापरून झाल्यावर बटणाचा सेन्सर पट्ट्यावरून काढून ठेवायचा, कारण घामाने ओल्या पट्ट्यावर तो चालूच राहतो आणि सेल खातो.

पट्टा आला म्हणजे प्रश्न सुटला, असं मार्चमध्ये वाटलं होतं. ठोके अचूक मिळाले, कॅलरी आणखी फुगल्या.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ठोक्यांवरून कॅलरी काढायचं एक सूत्र २००५ साली केटेल आणि सहकाऱ्यांनी मांडलं. ऑनलाइन कॅल्क्युलेटरांमध्ये तेच सर्रास दिसतं. पुरुषांसाठी: ठोक्यांना ०.६३०९ ने गुणा, वजनाला ०.१९८८ ने, वयाला ०.२०१७ ने, तिन्हींची बेरीज करून ५५.०९६९ वजा करा आणि ४.१८४ ने भागा. वय ४०, वजन ७२, सरासरी ठोके १५० टाकले की मिनिटाला १४.८ येतात, १५ मिनिटांचे २२२. वर ऑक्सिजनच्या वाटेने आलेला आकडा १५१ होता. जवळपास दीडपट. सूत्र चुकीचं नाही, पण ते ट्रेडमिल आणि सायकलवर, म्हणजे पायांच्या मोठ्या स्नायूंच्या कामावर बांधलेलं आहे. हातांच्या कामात तेवढ्याच ऑक्सिजनसाठी हृदय जास्त वेगाने धडधडतं. शिवाय २० सेकंदांचं काम संपल्यावर ठोके लगेच खाली येत नाहीत, विश्रांतीतही बराच वेळ वर रेंगाळतात, आणि सूत्र त्या रेंगाळण्याचेही पैसे लावतं.

त्यात आपली हवा. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजता पार्किंगमध्ये पंखा नाही, खाडीकडून येणारा दमटपणा भरपूर, घाम सुकायचं नाव नाही. तोच क्रम, तेवढ्याच लाटा, आणि सरासरी ठोके मार्चमधल्या सकाळपेक्षा दहाने जास्त. दहा ठोके म्हणजे सूत्रात मिनिटाला दीड किलोकॅलरी, १५ मिनिटांत बावीस-तेवीस. ही कमाई उकाड्याची, कामाची नव्हे: हृदय रक्त कातडीकडे ढकलून अंग थंड ठेवायला राबतंय. उन्हाळ्यात ‘चरबी लवकर जळते’ म्हणणाऱ्यांचा पुरावा बहुधा हाच असतो, आणि दुसरा पुरावा वजनकाट्यावरचा अर्धा किलो, जो दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतो.

मग खरा फरक कशाने पडतो? लाटेच्या उंचीने. दोरातून जाणाऱ्या लाटेत दर सेकंदाला किती ऊर्जा ओतली जाते हे लाटेच्या उंचीच्या वर्गावर आणि वेगाच्या, म्हणजे सेकंदाला किती लाटा, त्याच्याही वर्गावर ठरतं. उंची निम्मी झाली की दोराला दिलेली ताकद चौथाईवर येते. शरीराचा खर्च इतका घसरत नाही, कारण गुडघे वाकवून उभं राहण्याचे आणि हात नुसते हलवण्याचे पैसे पडतातच. पण घसरतो निश्चित. आठव्या-नवव्या फेरीनंतर छातीपर्यंत उठणारी लाट कमरेच्याही खाली येते, हात मात्र तेवढ्याच लगबगीने हलत असतात. ठोके वरच, घड्याळ खूश. आम्ही बाजूच्या खांबावर जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर रंगीत टेपची पट्टी चिकटवली आहे. लाटेचा माथा तिथवर पोचला तरच फेरी धरायची. खाली पडला की फेरीचे सेकंद कमी करायचे, २० चे १५. अंदाज सुधारायला या पट्टीने जेवढी मदत केली तेवढी छातीच्या पट्ट्यानेही नाही, आणि किंमत टेपच्या रिळाएवढी.

दुसरी गोष्ट ढील. १२ मीटरचा रोप खांबाला घातला की दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर. एक पाऊल मागे सरकलं की दोर ताणला जातो, लाट आपोआप पळते, काम हलकं होतं. एक पाऊल पुढे आलं की ढील वाढते आणि प्रत्येक लाट शेवटपर्यंत पोचवायला जोर लागतो. दमलेला माणूस नकळत मागेच जातो. म्हणून पायांच्या टोकाशी जमिनीवर खडूची रेघ, खांबापासून साडेपाच मीटरवर. जिमच्या सवयीने १६ किलोच्या केटलबेलला, म्हणजे मूठ असलेल्या लोखंडी वजनाला, रोप अडकवायचा प्रयत्नही झाला. गुळगुळीत फरशीवर ती दर फेरीला दोन-चार इंच सरकत येते, ढील बदलते, आणि आजची तुलना परवाशी करायची सोय राहत नाही. खांबच बरा, फक्त काँक्रीटच्या कोपऱ्याला दोर घासू द्यायचा नाही. आमच्या रोपचे धागे तिसऱ्याच महिन्यात तिथे विसविशीत झाले. आता खांबाभोवती पट्टा, त्याला कॅराबिनर (झडपेची धातूची कडी), आणि दोराच्या मध्यावर जाड नायलॉनची बाही. दर आठवड्याला दोन्ही हँडल एकत्र धरून बघायचं. मध्य सरकला असेल तर उजवा हात डाव्यापेक्षा जास्त दोर ओढतोय.

जाडी बदलली तर आधीचे सगळे आकडे बाद समजावेत. ५० मिलिमीटरचा दोर मीटरमागे ३८ च्या जवळपास पावणेदोनपट जड असतो. तो घेऊन जास्त कॅलरी जातात हे गृहीत धरणं घाईचं, कारण बहुतेकांची मूठ आधी सुटते, दम नंतर लागतो. घरी वापरायला ३८ पुरे.

पावसाळ्याची एक बारीक नोंद. पॉलिस्टर पाणी फारसं पीत नाही, पण पिळांच्या मधे पाणी अडकतं. वाछट येते तिथे रात्रभर पडलेला रोप सकाळी जाणवण्याइतका जड आणि निसरडा लागतो. त्या दिवशीचा आकडा वहीत लिहू नये, किंवा शेजारी ‘ओला’ लिहावं. वेटोळं जमिनीवर न ठेवता हुकावर टांगलं की दुपारपर्यंत सुकतो. हँडलवरच्या प्लास्टिकच्या नळ्या घामाने सैल झाल्या की फिरू लागतात. त्यावर टेनिस रॅकेटची ग्रिप टेप गुंडाळली की भागतं. दोन्ही हातांनी दोर आपटण्याचा प्रकार सकाळी सातच्या आधी करू नये. आवाज खांबातून वर चढतो आणि पहिल्या मजल्यावरचे काका खाली उतरतात.

व्यायामानंतरही शरीर काही वेळ जास्त ऑक्सिजन घेतं, हे खरं. जाहिरातीत त्याचं ‘दिवसभर कॅलरी जळत राहतात’ होतं. १३० किलोकॅलरीच्या व्यायामामागे ती भर दहा-वीसच्या घरात धरावी, त्याहून जास्त धरून चहासोबतची खारी माफ होत नाही. वडापाव तीनशेच्या आसपासचा. वरच्या हिशोबाने तो सरावलेल्या ७२ किलोच्या माणसाला दोन व्यायामांहूनही थोडा महाग पडतो.

आता आमच्या वहीत रोज चारच रकाने आहेत: फेऱ्या, कामाचे एकूण सेकंद, पट्टीपर्यंत पोचलेल्या फेऱ्या, आणि शेवटची फेरी संपल्यावर एका मिनिटात ठोके कितीने उतरले. कॅलरीचा रकाना महिन्यातून एकदा भरतो, तोही ९५ ते १३२ असा पल्ला लिहून. छातीचा पट्टा मात्र परत केलेला नाही. त्या चौथ्या रकान्यासाठी तो लागतोच. डिसेंबरात पट्टा नव्हता, पण मार्चमध्ये एका मिनिटात २२ ठोके उतरायचे, जुलैत ३१ उतरतायत, तोच २०-४० चा क्रम आणि तीच खडूची रेघ असताना.